नॅनोकणांचं औषध शिरेत गेल्यावर पुढे काय होतं?

नॅनो-औषधांच्या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास असतं: औषध थेट कर्करोगाच्या गाठीवर जातं, बाकी शरीराला धक्काही लागत नाही. सोबत एक चित्र असतं. चकाकणारा गोळा रक्तातून झेपावत निघालाय आणि समोर लालभडक गाठ आहे. बातमीदारांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण खुद्द संशोधकही बरीच वर्षं याच भाषेत बोलत होते. पण कणाला ना इंजीन असतं ना डोळे. तो रक्ताबरोबर वाहतो, एवढंच. कुठे थांबायचं, कुठे अडकायचं आणि कोणत्या पेशीच्या पोटात जायचं, हे बहुतांशी शरीर ठरवतं. जी नॅनो-औषधं खरोखर चालली, त्यांच्याकडे नीट पाहिलं तर त्यांनी शरीराच्या एखाद्या जुन्या सवयीचा फायदा उचललेला दिसतो.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. औषधांत वापरले जाणारे कण साधारणपणे १० ते २०० नॅनोमीटरचे असतात. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे १०० नॅनोमीटरचे सत्तर-ऐंशी कण तिच्यावर एका ओळीत मावतील. उलट केमोथेरपीतल्या एखाद्या साध्या औषधाचा रेणू जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा. तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून सहज पाझरतो आणि काही मिनिटांत अंगभर पसरतो. १०० नॅनोमीटरचा कण असा पाझरू शकत नाही, आणि बारीकातल्या बारीक केशवाहिनीत अडकण्याइतका मोठाही नसतो. तो रक्तातच फिरत राहतो. इथपर्यंत सगळं सोयीचं आहे. अडचण अशी की इन्फ्लुएन्झा आणि एचआयव्ही यांच्यासारखे विषाणूही साधारण याच मापाचे. या आकाराची परकी वस्तू रक्तात दिसली की तिचं काय करायचं, याचा सराव शरीराला फार जुना आहे.

कण कशाचे बनवतात? सगळ्यात रुळलेला प्रकार म्हणजे लिपोसोम, मेदाच्या दुहेरी पडद्याचा पोकळ बुडबुडा. ॲलेक बँगहॅम या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात असे बुडबुडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि औषध भरायला ते किती सोयीचे आहेत हे पुढे लक्षात आलं. त्यानंतर लिपिड, म्हणजे मेदासारख्या रेणूंचे नॅनोकण आले, कोविडच्या एमआरएनए लशींमध्ये होते ते. काही कण अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाचे असतात, काही लोहाच्या ऑक्साइडचे, काही सोन्याचे. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, पण रक्तात शिरल्यावर पहिली काही सेकंदं सगळ्यांच्या वाट्याला साधारण सारखाच प्रसंग येतो.

रक्ताचा द्रव भाग प्रथिनांनी भरलेला असतो: अल्ब्युमिन, प्रतिपिंडं, गुठळी धरायला लागणारं फायब्रिनोजेन, कोलेस्टेरॉल वाहून नेणारी ॲपोलिपोप्रथिनं आणि अशी शेकडो इतर. नवा पृष्ठभाग दिसला की ही प्रथिनं त्याला चिकटायला लागतात. जी मुबलक असतात ती आधी पोचतात. मग ज्यांना त्या पृष्ठभागाची जास्त ओढ असते ती हळूहळू आधीच्यांना हटवून जागा घेतात. बघता बघता कणाभोवती प्रथिनांचं एक कवच तयार होतं. आतला थर घट्ट बसतो, बाहेरचा सैल राहतो आणि बदलत असतो. या कवचाला 'प्रोटीन कोरोना' म्हणतात. हे नाव २००७च्या सुमारास केनेथ डॉसन आणि सारा लिन्से यांच्या गटाने रूढ केलं. कोरोना विषाणूशी त्याचा काही संबंध नाही.

प्रयोगशाळेत कणाच्या पृष्ठभागावर काहीही लावा, पेशीला दिसतं ते हे कवच. कुरियरच्या खोक्यावर आपण व्यवस्थित पत्ता लिहावा आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी त्यावर इतकी लेबलं चिकटावीत की मूळ पत्ता वाचताच येऊ नये, तसं हे होतं. कर्करोगाच्या पेशी ओळखाव्यात म्हणून कणांवर खास रेणू बसवतात. काचेच्या बशीत ते उत्तम काम करतात, कारण बशीत बहुधा रक्त नसतं. तेच कण रक्तद्रवात बुडवून काढले की त्यांचं नेम धरणं ढिलं पडतं किंवा थांबतं. बशीतला चमत्कार प्राण्यात हरवतो, तो बऱ्याचदा इथेच.

कवचात प्रतिपिंडं असली, किंवा कॉम्प्लिमेंट नावाच्या संरक्षक प्रथिनांचे तुकडे असले, तर कणाचे दिवस भरले. 'मला गिळा' असा त्यांचा अर्थ भक्षक पेशी लावतात. या पेशींना मॅक्रोफेज म्हणतात. जंतू, मेलेल्या पेशी आणि कचरा गिळणं हे त्यांचं रोजचं काम.

आता यकृताकडे येऊ, कारण नॅनो-औषधांची निम्मी कथा तिथेच घडते. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं, त्यातलं साधारण एक चतुर्थांश यकृतातून जातं. आत त्याला फाटे फुटत फुटत शेवटी अतिशय अरुंद वाहिन्या येतात. तिथे रक्ताचा वेग कमालीचा मंदावतो. यकृताबाहेरच्या वाहिन्यांशी तुलना केली तर कणांचा वेग हजार पटींपर्यंत घटतो, असं मोजमाप झालं आहे. या वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून कुप्फर पेशी बसलेल्या असतात. त्या यकृतातल्या कायमच्या मॅक्रोफेज, आणि शरीरातल्या अशा एका जागी राहणाऱ्या भक्षक पेशींपैकी बहुसंख्य त्याच. संथ प्रवाहातून येणारा कण त्यांच्या पसरलेल्या हातांना घासतच पुढे जातो. एका फेरीत निसटला तर मिनिटभरात पुन्हा येतो. वाहिनीच्या भिंतीलाही शंभर-दीडशे नॅनोमीटरची भोकं असतात, त्यामुळे लहान कण त्यांतून मागच्या यकृतपेशींपर्यंत सरळ पोचतात. टोचलेल्या कणांपैकी बराच मोठा वाटा यकृतात जमा होतो, त्यात आश्चर्य काही नाही.

प्लीहेचंही थोडंफार असंच. तिथल्या फटी दोनशे ते पाचशे नॅनोमीटरच्या, त्यामुळे मोठे आणि कडक कण तिथे अडकतात. मूत्रपिंडाचा हिशोब मात्र वेगळा आहे. साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कणच लघवीवाटे बाहेर पडतात, हे २००७मध्ये क्वांटम डॉट, म्हणजे चमकणारे अतिसूक्ष्म स्फटिक, वापरून दाखवलं गेलं. त्याहून मोठ्यांना ते दार बंद. त्यांना एकतर शरीरात विरघळावं लागतं, नाहीतर यकृतातून पित्तावाटे सावकाश निघावं लागतं, नाहीतर राहावं लागतं.

राहणं किती महाग पडू शकतं, याचं उदाहरण 'नॅनो' हा शब्द औषधशास्त्रात येण्याच्या कितीतरी आधीचं आहे. १९३०च्या दशकापासून १९५०च्या दशकापर्यंत एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून थोरोट्रास्ट नावाचा द्रव शिरेतून देत. त्यात थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असत. चित्रं सुंदर यायची, रुग्णाला लगेच काही त्रासही होत नसे. पण कण यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेजनी गिळले आणि ते तिथेच राहिले. थोरियम किरणोत्सारी आहे आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १४ अब्ज वर्षांचं. वीस-तीस वर्षांनी या रुग्णांमध्ये यकृताचे दुर्मीळ कर्करोग दिसू लागले. सोन्याचे कण किरणोत्सारी नसतात, तरी तेही यकृतात दीर्घकाळ पडून राहतात. गोष्टी प्रयोगशाळेत देखण्या वाटल्या तरी 'हे शेवटी जाणार कुठे?' हा प्रश्न नियामक संस्था आवर्जून विचारतात, आणि तो विचारायलाच हवा.

लोहाच्या ऑक्साइडचं बरं आहे. मॅक्रोफेज जुन्या तांबड्या पेशी रोज मोडतात आणि त्यातलं लोह परत वापरात आणतात. त्यांना लोहाचा नॅनोकण मिळाला की त्याचीही तीच गत होते: कवच काढायचं, लोह साठवायचं आणि पुढे हिमोग्लोबिनसाठी द्यायचं. फेरुमॉक्सिटॉल हे औषध यावरच चालतं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या रक्तक्षयासाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला २००९मध्ये मान्यता दिली. गिळलं जाणं हाच इथे औषधाचा मार्ग आहे.

पण कर्करोगावरच्या औषधाला यकृतात अडकून चालत नाही. त्यावर शोधलेला उपाय म्हणजे पॉलिइथिलिन ग्लायकॉल, थोडक्यात पेग. पेगच्या लवचिक साखळ्या कणाच्या पृष्ठभागावर गवतासारख्या उभ्या केल्या की त्या भोवती पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना चिकटायला जागा कमी मिळते. साधा लिपोसोम रक्तातून लवकर नाहीसा होतो, पेग लावलेला दोन-तीन दिवस फिरत राहतो. १९९५मध्ये एफडीएची मान्यता मिळालेलं डॉक्सिल हे असंच. साधारण ८० ते १०० नॅनोमीटरच्या एकेका बुडबुड्यात डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीतल्या औषधाचे दहा हजारांहून जास्त रेणू स्फटिकासारखे कोंबलेले असतात.

पेग ही काही जादूची टोपी नाही. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. पेग सौंदर्यप्रसाधनांत आणि पोट साफ करण्याच्या औषधांतही असतं, त्यामुळे ज्यांनी असं इंजेक्शन कधी घेतलेलंच नाही अशा अनेकांच्या रक्तातही ती सापडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही दिवसांच्या अंतराने दुसरा डोस दिला तर तो पहिल्यापेक्षा खूप लवकर साफ होतो, असंही दिसलं आहे.

दुसरा त्रास सलाइन सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतला. कण पाहून कॉम्प्लिमेंट यंत्रणा एकदम पेटते. रुग्णाचा चेहरा लाल होतो, धाप लागते, छाती किंवा पाठ दुखते, रक्तदाब घसरतो. ॲलर्जीसारखंच दिसतं, पण खऱ्या ॲलर्जीला त्या पदार्थाशी आधी ओळख झालेली असावी लागते. हे पहिल्याच वेळी होऊ शकतं. बऱ्याचदा थेंबांचा वेग कमी केला किंवा थोडा वेळ थांबलं की त्रास ओसरतो. अशी औषधं देताना पहिल्या डोसला सलाइन इतकं सावकाश का सोडतात, आणि नर्स सारखी येऊन का विचारते, त्यामागचं कारण हे आहे. फेरुमॉक्सिटॉलला गंभीर ॲलर्जीच्या प्रसंगांमुळे २०१५मध्ये एफडीएने सर्वांत कडक इशारा लावला. ते पातळ करून सावकाश द्यायचं आणि नंतर अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवायचं, असा नियम झाला.

बरं, कण यकृताच्या हातून निसटला आणि गाठीपाशी पोचला. पुढे? १९८६मध्ये जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठींमधल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, गळक्या असतात, आणि गाठीत लसिकावाहिन्या नीट नसल्यामुळे आत शिरलेलं लवकर बाहेर पडत नाही. म्हणजे मोठे रेणू आणि कण तिथे आपोआप साठणार. कल्पना इतकी आकर्षक होती की पुढची तीस वर्षं हजारो शोधनिबंध तिच्या भरवशावर लिहिले गेले. मग २०१६मध्ये टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचे आकडे एकत्र केले. प्राण्यांना दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण, मध्यक घेतला तर, ०.७ टक्के निघालं. शंभरातला एकसुद्धा नाही! या आकड्यावर वाद झाले, मोजायची पद्धत बदलली तर तो थोडा वाढतो, पण 'थेट गाठीवर' हे वाक्य त्यानंतर सरळ चेहऱ्याने लिहिणं अवघड झालं. २०२०मध्ये त्याच गटाने आणखी एक धक्का दिला. उंदरांच्या गाठींत शिरणारे बहुतेक कण भिंतीच्या फटींतून येत नाहीत, तर वाहिनीच्या अस्तरातल्या पेशीच त्यांना सक्रियपणे आत नेतात, असं त्यांना दिसलं.

मग डॉक्सिल चाललं कसं? माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोधक भाग हा आहे. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात त्याची साध्या डॉक्सोरुबिसिनशी तुलना झाली तेव्हा रोगावरचा परिणाम जवळपास सारखाच होता. पण हृदयाला होणारी इजा बरीच कमी होती. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला घातक असतं आणि त्यामुळे त्याच्या एकूण डोसवर मर्यादा येते. हृदयातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सलग आणि घट्ट असतात, त्यांतून १०० नॅनोमीटरचा बुडबुडा जात नाही. औषधाची मोठी कमाई म्हणजे ते कुठे पोचलं नाही, ही.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. दिवसचे दिवस रक्तात फिरणारे लिपोसोम तळहात आणि तळपायांच्या त्वचेत थोडेथोडे पाझरतात. जिथे दाब आणि घर्षण जास्त, तिथे जास्त. त्वचा लाल होते, झोंबते, सुजते, कधी सोलवटते. म्हणून रुग्णांना घट्ट चपला-बूट टाळायला आणि गरम पाण्यात हातपाय फार वेळ न ठेवायला सांगतात. साध्या डॉक्सोरुबिसिनने हा त्रास इतका होत नाही. कणाने औषधाचे दुष्परिणाम नुसते कमी केले नाहीत, त्यांची जागाही बदलली.

यकृत आणि मॅक्रोफेज यांच्याशी भांडण्याऐवजी त्यांच्याच वाटेने जाणारी औषधं पाहिली की चित्र एकदम पालटतं. काळा आजार घ्या. त्याचा परजीवी लपतो कुठे, तर यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेजच्याच आत. ॲम्फोटेरिसिन बी हे औषध त्याला मारतं, पण सुट्या स्वरूपात मूत्रपिंडाला फार त्रास देतं. लिपोसोममध्ये भरून दिलं की मॅक्रोफेज ते सवयीने गिळतात आणि औषध नेमकं परजीवीच्या शेजारी जाऊन पडतं. एका किलो वजनाला १० मिलिग्रॅम, असा एकच डोस भारतीय उपखंडातल्या बहुतेक रुग्णांना पुरतो.

किंवा पॅटिसिरान. २०१८मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध एका आनुवंशिक आजारावर आहे. यकृत ट्रान्सथायरेटिन नावाचं सदोष प्रथिन बनवत राहतं आणि ते नसांमध्ये व हृदयात साचतं. ते बनूच नये म्हणून यकृतपेशीत आरएनएचा छोटा तुकडा पोचवायचा असतो. यातले लिपिड नॅनोकण असे बनवले आहेत की रक्तात गेल्यावर त्यांच्यावरचं पेग सुटून जातं आणि ॲपोलिपोप्रथिन ई येऊन चिकटतं. हे प्रथिन एरवी मेदाचे थेंब यकृताकडे पोचवायच्या कामाचं. यकृतपेशी त्याला ओळखते आणि कण आत घेते. या औषधाने त्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण साधारण ८० टक्क्यांनी उतरतं. आधी ज्याला अडथळा समजत होते, ते प्रोटीन कोरोना इथे वाट दाखवतं.

पेशीने आत घेतलं म्हणजे काम झालं असंही नाही. कण आत जातो तो पडद्याच्या एका पिशवीत, एंडोसोममध्ये. ही पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि शेवटी आतला माल पचवला जातो. आरएनए त्याआधी बाहेर पडायला हवं. त्यासाठी खास लिपिड वापरतात, जे रक्तात, म्हणजे ७.४ सामूला (पीएचला), जवळजवळ उदासीन असतं आणि पिशवीत सामू सहाच्या आसपास आला की धनभारित होतं. पिशवीचा पडदा ऋणभारित. दोघे एकमेकांत मिसळतात, पडदा फाटतो आणि आरएनए पेशीद्रवात सांडतं. कोविडच्या एमआरएनए लशींत हीच युक्ती आहे. तिथे कण दंडाच्या स्नायूत टोचले जातात आणि त्यातले काही जवळच्या लसिकाग्रंथींत पोचतात, जे लशीला हवंच असतं. मात्र पिशवीतून सुटणाऱ्या आरएनएचं प्रमाण अगदी कमी असतं. एका अभ्यासात ते एक-दोन टक्के मोजलं गेलं. एवढ्याने भागतं, कारण एमआरएनएच्या एका रेणूवरून पेशी प्रथिनाच्या अनेक प्रती बनवते.

या सगळ्यातून संशोधनाचा प्रश्नच बदलला आहे. प्रथिनं चिकटू नयेत म्हणून काय करावं, याऐवजी कोणतं प्रथिन चिकटावं, असं आता विचारतात. २०२०मध्ये टेक्सासच्या एका गटाने लिपिड नॅनोकणांत धनभारित किंवा ऋणभारित लिपिड वाढवून पाहिलं, तर उंदरांमध्ये कण यकृताऐवजी फुप्फुसात किंवा प्लीहेत जाऊ लागले. कारण शोधलं तेव्हा प्रत्येक वेळी कवचातली प्रथिनं वेगळी सापडली. अर्थात हे उंदीर. माणसाच्या रक्तातलं प्रथिनांचं मिश्रण वेगळं असतं, आणि मधुमेहासारख्या आजारांत तेही बदलतं.

सध्या जे खात्रीने जमतं ते यकृताचंच. २०२५मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी एका बाळाच्या जनुकातली एकच चूक दुरुस्त करणारं औषध खास त्याच्यासाठी बनवलं, तेही साधारण सहा महिन्यांत. त्याच्या यकृतात अमोनियाचा निचरा करणारं एक एन्झाइम बनत नव्हतं. जनुक दुरुस्त करणारी साधनं लिपिड नॅनोकणांतून शिरेवाटे दिली गेली, एकदा नव्हे, तीनदा. विषाणूला वाहन म्हणून वापरलं असतं तर शरीर सावध झाल्यामुळे पुन्हा डोस देणं फार अवघड गेलं असतं. बाळाच्या आहारात जास्त प्रथिनं देता येऊ लागली आणि औषधंही कमी करता आली. हे घाईने जमलं, कारण बिघाड यकृतात होता. तीच चूक मेंदूतल्या किंवा स्नायूतल्या जनुकात असती, तर दुरुस्तीचं साधन कदाचित तितक्याच वेगाने तयार झालं असतं, पण ते तिथपर्यंत नेणारा इतका भरवशाचा कण डॉक्टरांच्या हाताशी नव्हता.